पिन लावायची सवय

नेस्टर: सोडा वहिनी. इंजिनाचं हे बूच काही निघायचं नाही. वीस वर्षांचा ट्रॅक्टर आहे, आटे गंजून एकजीव झालेत.

स्तेफा: सकाळपासून तू हे तिसऱ्यांदा म्हणतोयस. आणि तिन्ही वेळा पान्याला जोर लावलेला काही मला दिसला नाही.

नेस्टर: जोर लावला आणि इंजिनाच्या ब्लॉकला चीर गेली तर? मग बुचाच्या जागचा हीटर कशाला बसवणार, चुलीला? एवढंसं इंजिन आहे हे. मोठ्या ट्रॅक्टरसारखी दांडगाई याच्याशी चालत नाही.

स्तेफा: ओतीव लोखंडाला चीर पाडण्याइतका तू कधीपासून पैलवान झालास? सरक. यूर्को पान्याला पाईप जोडायचा. पाईप तो बघ, दाराच्या मागे उभा आहे.

नेस्टर: दादाची गोष्ट वेगळी होती.

स्तेफा: तुझा दादा माझ्यापेक्षा चार बोटं बुटका होता. पाईप दे इकडे.

नेस्टर: कूलंट सगळं काढलंय ना? नाहीतर बूच निघालं की हिरवी धार थेट बाहीत.

स्तेफा: रेडिएटरखालचा नळ मी तू यायच्या आधीच सोडला. सगळं त्या बादलीत आहे, वर फळी ठेवलीय. गोड लागतं म्हणून मांजर तोंड घालतं.

नेस्टर: वहिनी, अडुसष्टाव्या वर्षी माणसानं पाईपला असं लोंबकळू नये.

स्तेफा: लोंबकळत नाहीये, बसतेय. माझं वजन कधीतरी कामाला येऊ दे की. … हं. ऐकलंस? कर्र झालं.

नेस्टर: ऐकलं.

स्तेफा: मग तोंड असं आंबट का?

नेस्टर: कुठे काय. गारठा आहे.

स्तेफा: गारठा तर तुला नवीनच. तो हीटर दे. बाई गं, बोटाएवढा तर आहे. हा आकडा इंजिन तापवणार?

नेस्टर: विजेवर कूलंट तापवतो तो, आणि कूलंट इंजिनाला तापवतं. गळू नये म्हणून आट्यांना आधी मलम लावा. आणि आकडा आत कुठे लोखंडाला टेकू देऊ नका.

स्तेफा: तू का नाही बसवत? आपल्या पट्ट्यातल्या निम्म्या गाड्यांना तूच बसवलेस.

नेस्टर: हात थरथरतो. यॉर्कटनला राहायला गेल्यापासून.

स्तेफा: म्हणजे शहरात गेलं की हात थरथरतो. आणि ओरेस्ट म्हणतो, आई, तूही तिकडेच चल.

नेस्टर: त्याचं अगदीच चुकतंय असं नाही, वहिनी. गेल्या जानेवारीत हा ट्रॅक्टर गारठून बसला. चार दिवस तुमची वाट बंद, फोन बंद. पोरगा दोन तास गाडी हाकत आला आणि मोठ्या रस्त्यापासून दारापर्यंत कमरेएवढ्या बर्फातून चालत आला. तुम्ही चुलीपाशी बसून लसूण सोलत होतात. तो दारातच रडायला लागला.

स्तेफा: तो चुकला असं मी कधी म्हटलं? म्हणून तर शब्द दिला. आज रात्री उणे एकतीस होणार. उद्या सकाळी तो येतोय. त्याच्यासमोर मी एकटीनं हा ट्रॅक्टर सुरू करायचा आणि दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंत बर्फ ढकलून वाट मोकळी करायची. जमलं तर हिवाळाभर मी इथे. नाही जमलं तर तुझ्या इमारतीतली ती खोली. तिसऱ्या मजल्यावरची.

नेस्टर: दुसऱ्या.

स्तेफा: काय?

नेस्टर: दुसऱ्या मजल्यावर आहे खोली. माझ्या दारासमोरची.

स्तेफा: तुला बरीच माहिती. … झालं, घट्ट बसला. आता तू एवढी वायर बांधून घे. पंख्यापासून लांब ठेव, आणि पिनेचं टोक पुढे काढ, ट्रॅक्टरच्या नाकापाशी. मी कॉफी घेऊन येते. मग दोघं मिळून कूलंट भरू.

(स्तेफा घरात जाऊन थर्मास घेऊन येते आणि शेडच्या दारातच थबकते.)

स्तेफा: नेस्टर. ती पिन भिंतीत का आहे?

नेस्टर: कुठली पिन?

स्तेफा: हीटरची. काढ ती. आधी काढ. आत थेंबभर कूलंट नाही, बादली अजून तशीच भरलेली आहे.

नेस्टर: अरे देवा.

स्तेफा: किती वेळ होती?

नेस्टर: आत्ताच लावली. तुम्ही परत निघालात, घराचं दार वाजलं ना, तेव्हा. वायर बांधली, टोक पुढे लोंबत होतं, आणि हात आपला…

स्तेफा: किती वेळ, नेस्टर?

नेस्टर: दहा सेकंद. वीस असतील. मोजले नाहीत मी.

स्तेफा: कोरडा हीटर बघता बघता जळतो. हे मला तूच शिकवलंस. नवा मागवायला आठवडा जाईल, आणि ओरेस्ट उद्या येतोय.

नेस्टर: हाताची सवय आहे हो, वहिनी. नोव्हेंबर लागला आणि गाडीच्या नाकातून वायर लोंबताना दिसली की सस्कॅचवानातला माणूस ती भिंतीत लावून मोकळा होतो. विचार कोण करतं? परवा चर्चबाहेर पाद्रीबाबांच्या गाडीची पिन मी अशीच लावून आलो. ते बिचारे तेव्हाच निघाले होते. वीस फूट वायर मागे फरफटत गावभर फिरले.

स्तेफा: मला हसवू नकोस. मला हसायचं नाहीये. खरं सांग, सवयीनं लावलीस की कुणाच्या सांगण्यावरून?

नेस्टर: कुणाच्या म्हणजे?

स्तेफा: सकाळपासून बूच निघत नव्हतं. मी एकदा पाईपवर बसले आणि निघालं. म्हातारी झालेय मी, बावळट नाही.

नेस्टर: …ओरेस्टचा फोन आला होता. मंगळवारी.

स्तेफा: काय म्हणाला?

नेस्टर: म्हणाला, काका, तुम्ही जा मदतीला. पण बूच काही निघत नाही असं सांगा. मी नको म्हटलं तर आई माझ्याशी भांडेल. ट्रॅक्टरच नको म्हणाला तर कुणाशी भांडणार?

स्तेफा: आणि तू हो म्हणालास.

नेस्टर: म्हणालो. बुचाचं खोटं बोललो मी. पिनेचं नाही. दादाची शपथ.

स्तेफा: मेलेल्या माणसाला मध्ये ओढू नकोस. हो का म्हणालास, ते सांग. पोराची दया आली?

नेस्टर: ती आलीच.

स्तेफा: आणि?

नेस्टर: आणि काही नाही.

स्तेफा: नेस्टर, तू सतरा वर्षांचा होतास तेव्हा मी या घरात आले. तू खोटं बोलतोस तेव्हा कान खाजवतोस. खाली घे तो हात.

नेस्टर: …समोरची खोली रिकामी आहे, वहिनी. रोज सकाळी दार उघडतो तर पुढ्यात बंद दार. तिथली माणसं चांगली आहेत, पण कुणाला कुणाचं काही माहीत नाही. कधी कधी दिवसभरात माझ्या तोंडातून एक शब्द निघत नाही. संध्याकाळी उगाच खाकरून बघतो, आवाज आहे ना अजून. वाटलं, तुम्ही आलात तर निदान भांडायला तरी कुणी असेल.

स्तेफा: कॉफी घे.

नेस्टर: रागावलात?

स्तेफा: रागावलेय. चांगलीच रागावलेय. पण कॉफी घे, गार होतेय.

नेस्टर: तुम्ही ओरडलात तरी चालेल.

स्तेफा: ऐक. मी तिकडे आले ना, तर महिन्याभरात तुझ्यासारखीच होईन. मग समोरासमोर दोन बंद दारं. तुझं एकटेपण कमी नाही व्हायचं, माझं मात्र सुरू होईल. इथे पहाटे कोंबड्या बोंबलतात म्हणून मी उठते. गुडघा दुखला तरी उठते. ज्या दिवशी उठायचं कारण जाईल ना, त्या दिवशी मी उठणार नाही. ओरेस्टला हे सांगता येत नाही मला. तो घाबरतो. तुला सांगतेय.

नेस्टर: मला कुणी असं सांगितलं असतं, तर मी घर विकलं नसतं.

स्तेफा: मी सांगितलं होतं.

नेस्टर: सांगितलं होतंत, हो.

स्तेफा: चल, बादली उचल. जळला असेल तर जळला. पण बघितल्याशिवाय मी हार मानणार नाही.

नेस्टर: नरसाळं धरा. हळू ओततो. … आता वरची रबरी नळी दाबत राहा, आतली हवा निघू दे. बुडबुडे यायचे थांबले की अजून थोडं ओतू.

स्तेफा: इंजिन चालवून हवा काढायची असते ना?

नेस्टर: नंतर. आत्ता इंजिन चालवलं तर ते आपलं आपणच तापेल. मग ऊब हीटरची की इंजिनाची, कसं कळणार?

स्तेफा: बघ, डोकं अजून चालतं तुझं. फक्त हातच वाया गेलाय.

नेस्टर: झालं. काठोकाठ भरलं. झाकण लावा. पिन मी लावू?

स्तेफा: तू लांब उभा राहा. मी लावते. … लावली. ऐक आता. हीटर चालू असेल तर आत सूं सूं वाजतं.

नेस्टर: कानातलं यंत्र घरी राहिलंय माझं. तुम्हाला काय ऐकू येतंय?

स्तेफा: वारा. पत्र्यावर आपटणारा वारा, आणि तुझं कॉफीचं भुरकणं.

नेस्टर: थांबतो भुरकायचा.

स्तेफा: …नाही. काहीच नाही.

नेस्टर: वहिनी, मला माफ करा. मुद्दाम नाही केलं मी. पण मुद्दाम केल्यासारखंच झालं.

स्तेफा: गप्प बस. अजून थोडं थांबू. हात दे तुझा. इथे ठेव, हीटरच्या जरा वर. मीही ठेवते.

नेस्टर: गार आहे.

स्तेफा: ठेव तसाच.

नेस्टर: हात बधिर होतोय.

स्तेफा: होऊ दे.

नेस्टर: …वहिनी.

स्तेफा: बोलू नकोस.

नेस्टर: वहिनी, हे कोमट लागतंय.

स्तेफा: माझ्या हाताची ऊब असेल.

नेस्टर: तुमचा हात बर्फ आहे. खालून येतेय ही. बघा, इथे जास्त आहे. तापतंय इंजिन. जळला नाही हो तो.

स्तेफा: …हो. आहे कोमट.

नेस्टर: रडताय?

स्तेफा: रडतेय. तुझं काय जातं त्यात? चार दिवस धड झोपले नाहीये मी. त्या खोलीत कुठली कपाटं मावतील, त्याची मापंसुद्धा काढून ठेवली होती.

नेस्टर: मी ओरेस्टला फोन करतो. बूच निघालं म्हणून सांगतो. आणि मी कसा वागलो, तेही.

स्तेफा: तू वागलास ते मी सांगेन त्याला, माझ्या पद्धतीनं. तुम्हा दोघांनाही एकदा समोर बसवून सांगायचंय. रात्री इथेच राहा. बटाटा भरलेले पिरोहे करते. उद्या तो येईल तेव्हा तू खिडकीत बसायचं. मदतीला उठायचं नाही.

नेस्टर: आणि ट्रॅक्टर अडला तर?

स्तेफा: अडला तर मी बघेन. तू पिनेला हात लावायचा नाहीस.

नेस्टर: नाही लावत. … उद्या झाल्यावर मग मी परत जाणार. समोरचं दार तसंच बंद.

स्तेफा: तुझी गाडी चालते ना?

नेस्टर: चालते की.

स्तेफा: मग दर शनिवारी इकडे ये. सकाळी ये, संध्याकाळी उजेडात जा. भांडायचं असेल तर भांडू, नाहीतर शेंगा सोलू.

नेस्टर: इथला हिवाळा तुम्हाला ठाऊक आहे, वहिनी. मोठा रस्ता सरकार साफ करतं. पण आदल्या रात्री बर्फ पडलं तर तुमच्या दारापर्यंत मी कसा येणार?

स्तेफा: तू मोठ्या रस्त्यापर्यंत ये. पुढची वाट मी काढते.