टोचलं कुणाला?

...नाही, पण मला सांगा, यात माझं काय चुकलं? दोन मुली, दोन हात, जमायला हवं की नको? बायको तापाने पडलेली. म्हणाली, "समोरच्या इमारतीत गोवर आलाय. आजच्या आज दोघींना लस टोचून आण. आणि हे बघ, गोंधळ घालू नकोस." गोंधळ? मी? अहो, जुळ्यांचं मला काय सांगता, मी स्वतः जुळा आहे! शाळेत खोड्या भाऊ काढायचा आणि कान माझा पिरगळला जायचा.

तर थोरलीला लाल मोजे, धाकटीला पिवळे, ही बायकोची व्यवस्था. बाकी फ्रॉक तोच, जावळ तेच, नाकातला शेंबूडसुद्धा तोच. दवाखान्यात सिस्टरांनी एकीचा दंड धरला आणि टुचुक! ती किंचाळली. ती किंचाळली म्हणून दुसरी किंचाळली. सिस्टर म्हणाल्या, "हा कापूस दाबून धरा, ही बाटली संपली, मी नवी घेऊन येते." आणि गेल्या की हो आत!

आता तुम्हाला सांगतो, एका हाताने कापूस दाबायचा तर खुळखुळा कोणी वाजवायचा? मी म्याऊ केलं, भुभू केलं, हिला या खांद्यावर, तिला त्या खांद्यावर, मग तिला या, हिला त्या... आणि रडणं थांबलं! काय छाती फुगली माझी! खाली बघतो तर एक लाल मोजा जमिनीवर, एक पिवळा माझ्या खिशात, उरलेले दोन दोघी मिळून चघळतायत. आणि कापूस? कापूस माझ्या शर्टाला.

सिस्टर आल्या. "हं, द्या दुसरी."

दुसरी? यातली दुसरी कोण? मग टोचलं कुणाला?

"अहो, दंडावर ठिपका असेल की!" ठिपका होता हो... पण आमच्या घरचे डास! दोघींच्या दंडांवर ठिपकेच ठिपके. सिस्टरांनी चष्मा लावला, मी त्यांच्या चष्म्यातून बघितलं, बाहेरच्या बाकावरच्या एक आजी उठून आत आल्या आणि म्हणाल्या, "जी जास्त रडवेली दिसतेय, तिला टोचलंय." तेवढ्यात दोघी हसल्या.

बायकोला व्हिडिओ कॉल लावला. तिने पांघरुणातून नुसता एक डोळा बाहेर काढला. "डावीकडची थोरली. एवढंही कळत नाही?"

"कळलं! पण टोचलं कुणाला?"

"ते मला इथून कसं कळणार? पहिल्यांदा कुणाला पुढे केलंस?"

"उजव्या हातातलीला."

"उजव्या हातात कोण होती?"

काय सांगू! तिथे मात्र माझं हसू पळालं. एक जरी तशीच घरी गेली आणि तिलाच गोवर झाला, तर कुठल्या तोंडाने बघू तिच्याकडे? तिला तर सांगताही येणार नाही की बाबा, मी राहिले!

शेवटी डॉक्टर आले. शांत माणूस. "एकीला जास्तीची गेली तर बिघडत नाही. राहून गेली तर पंचाईत. द्या दोघींना." सिस्टरांनी पेन काढलं. एकीला टुचुक, तळपायावर फुली. दुसरीला टुचुक, तळपायावर फुली. मला हातसुद्धा लावू दिला नाही! सुटलो एकदाचा. आता विचारा कोणीही, टोचलं कुणाला? दोघींना! छातीठोक!

निघणार, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "घराजवळच साथ आहे म्हणता, मग तुमचं काय? लहानपणी लस घेतलीत? गोवर झाला होता?"

आता हे मला कसं आठवणार? आईला फोन केला. म्हटलं, "आई, आठवून सांग, आम्हा दोघांना गोवराची लस दिली होती ना?"

आई म्हणाली, "नेलं तर दोघांनाही होतं रे... पण त्या दिवशी मला बरं नव्हतं. तुझे बाबा घेऊन गेले होते."

मी फोन ठेवला आणि गुपचूप बाही वर केली.