कोकरं चोवीस

(वैशाख, १९४८. कनेरगाव नाका. वाशीमहून हिंगोलीला येणाऱ्या रस्त्यावर दोन अडसर : पलीकडचा वऱ्हाडचा, तिथं कारकून शंकरसिंग, अलीकडचा निजामाचा, तिथं कारकून संतराम. मध्ये हाकेभर उघडं रान. त्या रानात परवापासून साठ मेंढ्या, तेवीस कोकरं, मेंढपाळ मल्हारी आणि त्याची बायको बनाबाई. तिच्या पदराखाली तान्हं.)

संतराम : पुन्यांदा सांगतो बाई. तुझ्या परवान्यावर काय हाय? गडी एक, बाई एक, मेंढ्या साठ. दिवाळीमागं याच अडसराखालून गेल्या. तेवढंच वापस घ्यायचा हुकूम हाय. मंग पदराखालचं हे कोन?

बनाबाई : माझं लेकरू हाय मुन्शीजी. परवापासून तुमी तेच इचारून राहिले अन् मी तेच सांगून राहिले. अजून तरी ते माझंच हाय.

संतराम : पर ते तिकडं जन्मलं.

बनाबाई : मंग कुठं जन्मावं त्यानं? पोट काय नाका पाहून दुखतं व्हय? तिकडच्या शेतात मेंढरं बसवली व्हती खतासाठी. बांधावरच बाळंत झाले. पाचव्या दिशी उठून मेंढरांमागं चालू लागले.

संतराम : जन्मलं तिकडं म्हंजे मानूस तिकडचं. शंकरसिंगभाऊ! ओ शंकरसिंगभाऊ! तुमचं मानूस घेऊन जावा!

शंकरसिंग : हा आलो वही घेऊन. आमचं काहून जी? माय तिकडची, बाप तिकडचा. आमच्याकडून गेलं ते गेलं. म्या अडसर खाली केला, संपलं.

संतराम : सोडताना पाह्यलं न्हाई का तुमी?

शंकरसिंग : पदराखाली झोपेल होतं, मले काय सपन पडते? दोन माणसं दिसली, दोन लिहिली.

बनाबाई : अन् ह्यांच्या म्होरं आल्यावर रडलं. तेवढी एक चूक झाली बगा त्याच्या हातून.

संतराम : थट्टा नको करू. सरकारी काम हाय हे.

बनाबाई : थट्टा नव्हं, दादा. घोटभर पानी द्या. संगं आनलेल्या दोन घागरी कालच सरल्या. तुमच्या अडसरापाशी हौद भरलेला दिसून राहिला.

संतराम : तो जनावरांचा हौद हाय. तुला पानी दिलं म्हंजे तुला हद्दीत घेतल्यावानी व्हतं. सायबानं बजावून ठेवलंय.

बनाबाई : मेंढरं अडसराखालून माना घालून पिऊन गेली की.

संतराम : मेंढरं फेरिस्तीत हायेत. जनावरांची छापील यादी असती नाक्यावर, तिच्यात त्यांचं नाव हाय. तुझं न्हाई.

शंकरसिंग : म्या काल घागर धाडत होतो बाई. मंग वाटलं, पानी धाडलं म्हंजे लेकरू आमचं हाये असं कबूल केल्यासारखं होते. म्हणून नाही धाडली. रातभर झोप नाही आली, बाप्पा.

बनाबाई : तुमाला झोप न्हाई अन् मला पानी न्हाई. बराबर वाटणी झाली. तुमी दोघं वैरी हाव का येकमेकाचे?

शंकरसिंग : नाही वो! मागच्या सालपर्यंत एकाच चुलीवर चहा होता आमचा.

संतराम : ह्यांच्या पोरीच्या लग्नात पंगतीत वाढायला मी व्हतो. बुंदी कमी पडली व्हती.

शंकरसिंग : कमी नव्हती पडली. तुमी दोनदा वाढली.

बनाबाई : मंग दोघं मिळून एक कागद लिहा की, का हे लेकरू बनाबाईचं हाय, जाऊ द्या घरी.

संतराम : तिथंच तर अडलंय. मला हुकूम असा, परवान्याबाहेरचं मानूस घ्यायचं तर आधी त्यांनी लिहून द्यावं, का हे आमचं न्हाई.

शंकरसिंग : अन् मले हुकूम असा, आधी त्यायनं लिहून द्यावं का हे आमचं हाये.

बनाबाई : म्हंजे ‘आधी त्यांनी’. दोनी सरकारांचं एकमतच हाय की! येवढं एकमत असल्यावर भांडन कशाचं?

शंकरसिंग : वरते बोलनी चालू हायेत, बाई.

बनाबाई : कवा सरतील?

संतराम : पावसाळ्यापस्तोर काही ना काही व्हईल म्हनतात.

बनाबाई : माझं दूध आजच आटून राहिलंय, मुन्शीजी. सकाळपून लेकरू ओढतंय अन् सोडतंय, ओढतंय अन् सोडतंय. आता तर रडायचं बी सोडलं त्यानं. परवा रडलं म्हनून माझा जीव जळत व्हता, आज रडंना म्हनून भ्याव वाटून राहिलंय. हात लावून पाहा, कसं तापलंय.

शंकरसिंग : संतरामजी.

संतराम : आयकून राहिलो मी.

शंकरसिंग : आपण दोघंही एकदम सही करू. एकच कागद. ना आधी तुमी, ना आधी आमी.

संतराम : सायबानं पुसलं तर?

शंकरसिंग : माह्या सायबाले सांगीन, आधी तुमी केली. तुमी तुमच्या सायबाले सांगा, आधी म्या केली.

संतराम : आनतो कागद. हां, बोल बाई. मुलगा का मुलगी?

बनाबाई : मुलगी.

संतराम : नाव?

बनाबाई : नाव न्हाई अजून.

संतराम : नाव न्हाई म्हंजे?

बनाबाई : उद्या बारावा दिस. आत्या पाळन्यात घालून कानात सांगल तवा नाव. यशोदाआत्या तुमच्या हद्दीत सेनगावाला पाळना बांधून बसलीया.

शंकरसिंग : अवो, आत्ता कोनतंही सांगून टाक. उद्या बदल.

संतराम : बदल? कागदावर एक अन् घरात दुसरं? चौकशी लागली तर माझी नोकरी गेली अन् हिची पोरगी बी खोटी ठरली.

बनाबाई : अन् आत्याच्या आधी मी कशी नाव ठेवू? पयलंच लेकरू हाय माझं. म्हंजे नाव आनायला तिकडं जावं लागतं, अन् तिकडं जायला नाव लागतं.

संतराम : बराबर समजली तू.

शंकरसिंग : परवा एका सायबाचा कुत्रा गेला इथून. त्याले बी नाव होतं. इंग्रजी होतं.

संतराम : तुमी कुत्रं नका काढू मधी!

शंकरसिंग : मंग कोकराचं सांगा. तेवीस कोकरं बी आमच्याकडंच जन्मली. त्यायची नावं कोन्या आत्यानं ठेवली?

संतराम : कोकरांची तकलीफच न्हाई. फेरिस्तीत साफ लिहिलंय, ‘दूधपितं पिल्लू आईसंगं आलं तर बिनपरवाना माफ.’ नाव पुसायचं न्हाई, गाव पुसायचं न्हाई.

बनाबाई : काय म्हनले? पुन्यांदा वाचा, दादा.

संतराम : ‘दूधपितं पिल्लू आईसंगं आलं तर बिनपरवाना माफ.’

बनाबाई : लेकुरवाळ्या मानसानं लिहिलं असंल. कोनाकोनाचं पिल्लू, ते बी लिहिलंय?

संतराम : गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडी.

बनाबाई : मंग लिहा. मेंढ्या एकसष्ट, कोकरं चोवीस.

संतराम : येड लागलं का तुला! मी तुला मेंढी लिहू? मला बी लेकीबाळी हायेत, बाई. हात धजंल का माझा?

बनाबाई : परवापून मानूस म्हनून उबी हाय तुमच्या म्होरं, घोटभर पानी मिळालं न्हाई. मेंढ्या तुमच्या डोळ्यांदेखत पिऊन गेल्या. माझी लाज तुमी नका धरू. लिहा.

संतराम : मल्हारीला तरी इचार.

बनाबाई : त्यांना काय इचारायचं? ते मेंढरांच्या बाहेर कवा असत्यात?

शंकरसिंग : लिहा, संतरामजी. मी बी लिहितो माह्या वहीत : ‘मागाहून गेली मेंढी एक, संगं कोकरू एक.’

संतराम : कानाची खूण लागती मेंढीला.

बनाबाई : दोनी कान टोचलेले. डाव्याची पाळी फाटकी. पोरीचे टोचायचे राहिलेत.

संतराम : ‘मेंढी एक, दोनी कान टोचलेले, डावा फाटका. कोकरू एक, बिनखुनेचं.’ घ्या, शंकरसिंगभाऊ. सही.

शंकरसिंग : केली. दोन्ही सरकारांनी मिळून केलेलं पयलं काम हाये हे.

संतराम : पर एक राहिलं. परवान्यावरची बाई एक. तुमच्या वहीत ती गेली हाय अन् माझ्या वहीत आलीच न्हाई. तिचं काय लिहू?

शंकरसिंग : लिहा, मधातच राहिली.

संतराम : ‘बाई एक, मधीच राहिली.’ बाई, ध्यानात ठेव. फुडल्या साली परवाना मागशील तर तुझ्या नावानं मिळायचा न्हाई.

बनाबाई : फुडलं फुडं. अडसर उचला आधी. अन् हौदावरून जरा सरका, मुन्शीजी, पानी पिऊ द्या. आता फेरिस्तीत हाय मी.