सुखदाची पेशंट मी

हां, बसा, पण माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवून दाखवा! नाहीच ठेवणार तुम्ही... इथे दिल्लीत अख्खं मयूर विहार ठेवत नाही, तर तुम्ही कोण लागून गेलात! त्या चड्ढाबाईला मी नुसतं म्हटलं की लिफ्टमध्ये माकड शिरलंय, तर सगळे जिने चढून आली बिचारी, आणि वर आल्यावर पाणी कोणी दिलं? मीच दिलं! गंमत केली हो, गंमत! दुसरं काय केलं मी?

पण सुखदाचं जे झालं ना... सुखदा म्हणजे माझी नात, माझ्याजवळच राहते. पीएचडी करतेय, रक्ताच्या तपासण्यांची. मी चौथीत शाळा सोडलेली, मला त्यातलं कळतं किती, तर ही हॉस्पिटलच्या तळघरात मशीनींशी बोलते आणि वर माणसं दिसली की हिची वाचा बसते! घरी पाहुणे आले की पोरगी बाथरूममध्ये! तर तिच्या कोर्सात निघालं, रेसिडेन्सी. मला वाटलं गाझियाबादला बिल्डिंगींना नाव असतं तसलं काहीतरी. तर नाही! लॅबवाल्यांनी काही महिने वॉर्डात यायचं, डॉक्टरांबरोबर फिरायचं, पेशंटशेजारी स्टूल ओढून बसायचं, विचारायचं, आणि रिपोर्ट असा का आला ते सगळ्या डॉक्टरांपुढे उभं राहून सांगायचं. सांगता आलं तर पास. पास झाली की पुण्याला नोकरी, जागा धरूनच ठेवली होती त्यांनी.

आणि ही तर माणसं टाळणारी! मग सराव कोणावर? माझ्यावर! "आजी, तू पेशंट हो." झाले. "काय होतंय?" "पोटात नाग वळवळतो." "आजी!" "बरं, नागीण." अशी हसायची, अशी हसायची... पण बोलायला लागली हां! वॉर्डातल्या म्हाताऱ्या हिला 'बिटिया, बिटिया' करायला लागल्या. ते कोणामुळे? सांगा ना!

तेवढ्यात सहज म्हणून माझं रक्त दिलं तिथे, तर रिपोर्ट काय, थायरॉईड! गळ्यातली ती ग्रंथी म्हणे नुसती उधळलीय. पोरगी घाबरली. पण तिच्या सरांनी सांगितलं, शुक्रवारी हीच केस मांड. मग काय, आली स्टूल ओढत. "आजी, आता खरं सांग हां. गोळ्या, काढा, पावडर, काहीही घेतेस?" म्हटलं, "रोज सकाळी एक मगर." हसली. पुन्हा विचारलं. हात हातात घेऊन विचारलं हो! आणि मी म्हटलं, "काही नाही गं, पोळीभाजी."

आता घेत होते ना मी! समोरच्या ममतानं दिलेली, केसांची गोळी. आणि केस आले हो! जिथं चड्ढाबाई म्हणायची विमान उतरेल, तिथं! पार्कात मी सगळ्यांना सांगितलेलं की ही माझ्या माहेरची शिकेकाई, साताऱ्याची... अख्खा पार्क शिकेकाई चोळतोय, चड्ढाबाईचे तर होते तेही गळले. आता हे सुखदाला सांगू? ती पोरगी इतकी खरी की लगेच खाली जाऊन सगळ्यांची माफी मागून येईल! म्हणून म्हटलं, काही नाही. गंमतच ती. तेव्हा तरी गंमतच वाटली.

शुक्रवारी मी चांगली साडी नेसून खुर्चीत, पेशंट! समोर डॉक्टरच डॉक्टर. आणि सुखदा पांढऱ्या कोटात फडाफडा इंग्लिश बोलतेय, आवाज कापत नाही की काही नाही. शब्द कळला नाही, पण छाती अशी फुगली माझी... मग तिचे ते सक्सेना सर उठले. "माताजी, हाथ आगे कीजिए." केले, थरथर नाही. "घबराहट?" "बिल्कुल नहीं." "वज़न घटा?" म्हटलं, "वो दिन कहाँ, डॉक्टर साहब!" सगळे खोखो हसले आणि मी आले रंगात. तर तो लबाड काय म्हणतो, "माताजी, इस उम्र में बाल तो कमाल के हैं! क्या करती हैं?"

आता तुम्हीच सांगा! आमचे हे आयुष्यभर फौजेत, सीमेवरचं सगळं दिसायचं त्यांना, बायकोचे केस कधी दिसले नाहीत! असं कोणी विचारलं होतं मला? पटकन म्हटलं, "कुछ नहीं जी, बस सुबह-शाम एक गोली!" आणि पिशवीतून डबी काढून दाखवली. मिरवली हो, मिरवली!

सरांनी डबी घेतली, उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचलं...

त्या गोळीत जे असतं ना, ते रक्तात असलं की मशीनच फसतं. गळा ठणठणीत आणि आकडे वेडेपिसे! लॅबवाल्यानं हे पेशंटला आधी विचारायचं असतं म्हणे. नाही तर चांगल्या गळ्याला औषध सुरू झालं असतं माझ्या! सर वळले. "सुखदा, आपने पूछा था?"

तिनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. आणि म्हणाली, "नहीं सर. मुझसे रह गया."

माझी सुखदा! खोटं बोलली! मी उठलेच, "अरे पूछा था, दो बार पूछा था, मैंने झूठ बोला!" तर सगळे गोड हसले. "देखो, दादी पोती को बचा रही हैं." झालं! वॉर्डाचे महिने पुन्हा पहिल्यापासून, आणि पुणेवाल्यांनी घेतली दुसरी कोणीतरी.

मेट्रोत मला सीट दिली, आपण दांडा धरून उभी. म्हटलं, "ओरड ना गं." तर म्हणाली, "स्टेशन आलं, आजी, सांभाळून उतर." गोळ्या बंद केल्या, रिपोर्ट सरळ आला, केस पुन्हा गळताहेत, गळू देत... पण ती भांडेना! गंमत केली हो, गंमत, असं म्हणायला तोंड उघडते आणि तसंच मिटते.

आता वॉर्डात म्हणे हिच्यासारखं कोणी नाही. प्रेमानं विचारते, पेशंट 'कुछ नहीं' म्हणाला की "ठीक है" म्हणते, आणि उशीखाली हात घालून बघते. सक्सेना सर खूष! आणि काल घरी आली, बॅग ठेवली, "आजी, जेवलीस?" म्हटलं, "जेवले." "छान," म्हणाली, आणि आत जाऊन कुकरचं झाकण उघडून बघून आली!

ताट वाढून आणलं माझ्यापुढे.

लागलं हो मला. कोणाला सांगू... जेवले नव्हतेच मी! आज तर अजून कुकरही लावलेला नाही आणि तिची यायची वेळ झाली. उठा, उठा, जा आता!