फक्त बुलबुल

...रॅली म्हणे! अहो, एका गाडीची कधी रॅली असते का? नाही, तुम्हीच सांगा! पण आमच्या ह्यांना सांगायला गेलं तर... आमचे हे म्हणजे मार्तंड, बँकेतून रिटायर, नागावात वाडी आणि वाडीत ती बुलबुल. पक्षी नव्हे हो, गाडी! तीन चाकं, दोन माणसं, आणि पिशवी घेतली तर एकच माणूस! कंपनी कधीच बुडाली, पण ह्यांनी आणि किहीमच्या हिरामणभावजींनी बुलबुलवाल्यांचा क्लब काढला, दरवर्षी नागाव ते चौल रॅली, सुरुवातीला आठ-दहा गाड्या यायच्या, मग कुणाची गंजली, कुणी विकली, कुणी स्वतःच गेलं... उरल्या दोन. गाडी केवढीशी, आणि भांडण केवढं!

भावजी आमच्या पडवीत चहा पिता पिता म्हणाले, "मार्तंडा, आता ओपन ठेवू या. कुठलीही जुनी छोटी गाडी येऊ दे, कुणाची अंड्यासारखी, कुणाची पुढून दार उघडणारी. माणसं तरी दिसतील!" हे ताडकन उठले! "बुलबुल सोडून दुसरी आली तर ती रॅली नव्हे, पार्किंग!"

"अरे, दोघांत कसली रॅली?"

"मग एकटा काढीन!"

झालं! कॉलेजपासूनची दोस्ती, अर्ध्या कपावर मोडली.

मग एकाच रविवारी दोन रॅल्या. किहीमला ओपन, मांडव काय, बँड काय! आणि नागावला आम्ही. झेंडा मी दाखवला, टाळ्या मी वाजवल्या, आणि पळत जाऊन शेजारच्या सीटवर मीच बसले! वाटेत स्कूटरवरचा टुरिस्ट विचारतो, "काका, रॅली कधी येणार?" हे छाती काढून, "आलीय की!" ...हसू नका हो. मला रडू येत होतं. गाडी केवढीशी, आणि भांडण केवढं!

चौलच्या अलीकडे क्लचची वायर तुटली. आता बुलबुलची वायर कुणाकडे असणार? भावजींकडेच! हे म्हणतात, "ढकलत नेईन, पण त्याला फोन करणार नाही." शेवटी मीच केला. उचलला गोदावहिनींनी. मी आपली सुरूच, "वहिनी, भावजींना द्या जरा, हे दोघं म्हणजे ना..." तर त्या म्हणतात, "कल्पिता, आम्ही अलिबागला हॉस्पिटलात आहोत. मांडवातच छातीत दुखायला लागलं ह्यांच्या. सकाळपासून रस्त्याकडे बघत होते गं, मार्तंड येईल म्हणून..."

गाडी तिथेच टाकली, मिळेल त्या टेंपोत बसलो. हे वाटभर एकच, "त्याला म्हणावं, येतोय मी. म्हणावं, येतोय." अहो, कुणाला सांगू? पोचलो तेव्हा भावजींच्या तोंडावर चादर ओढलेली...

यंदा परत ओपन निघाली. हेच म्हणाले, "जायचं." गोदावहिनींनी भावजींच्या गाडीतली वायर काढून दिली, ती आमच्या बुलबुलला बसवली, निघालो. किहीमला नवीन पोरं व्यवस्थेला. एकानं शिट्टी फुंकली, "ओ काका, इथे गाड्या! रिक्षा तिकडे लावा, नारळाखाली!"

म्हटलं, आता होतंय रामायण! ...तर तुम्हाला सांगते, ह्यांनी गाडी वळवली, दोन रिक्षांच्या मधे नीट लावली, काच खाली केली आणि मला म्हणाले, "चालायचंच. ओपन आहे ना!"