अनुसूचीतलं अकरावं नाव

लेक : चहा नंतर, नाना. आधी हा कागद वाचा.

नाना : चष्मा फ्रीजवर आहे, तो दे. तीन महिन्यांनी घरी येतेस आणि पायातले बूटही न काढता कागद पुढे करतेस. तुझी आई असती तर...

लेक : आई असती तर तिनं एव्हाना वाचून मला परतही दिला असता. वाचा ना.

नाना : “जन्मनोंदणीचा अर्ज नामंजूर. नमूद जन्मस्थळ, धाकटे बेट, हे कायद्यातील व्याख्येनुसार राज्यात येत नाही.” हा काय चावटपणा आहे?

लेक : चावटपणा नाही. खाली बघा. कलम दोन. कायद्याचं नाव, साल, सगळं दिलंय.

नाना : अगं, हा तर माझा कायदा.

लेक : म्हणून तर सकाळची पहिली बोट पकडून आले. बेट राज्यात नाही म्हटल्यावर गेली तीन वर्षं मी परदेशात नोकरी करतेय म्हणायचं!

नाना : थांब, थांब. कोणीतरी नवशिक्या बसवलाय नोंदणीला. कलम दोन मला झोपेतून उठवलंस तरी पाठ येईल. “राज्य म्हणजे मुख्य भूमी आणि अनुसूचीत नमूद केलेली संलग्न बेटे.” आता यातला ‘म्हणजे’ बघ. तिथे ‘यात अमुक-अमुकचा समावेश होतो’ असंही लिहिता आलं असतं. पण ‘समावेश होतो’ म्हटलं की दार उघडं राहतं, आणखी कोणीही आत शिरू शकतं. ‘म्हणजे’ म्हटलं की कडी. जेवढं लिहिलं तेवढंच, बाकी काही नाही. त्या एका शब्दासाठी मी साहेबांशी चार दिवस भांडलो होतो.

लेक : मग तुम्ही जिंकलात. कडी पक्की बसलीय. अनुसूचीत अकरा बेटं आहेत आणि धाकटं त्यात नाही.

नाना : असणारच. अकरावं नाव थोरल्या बेटाचं आहे आणि धाकटं त्याला लागूनच आहे. ओहोटीला माणसं वाळूवरून चालत जातात.

लेक : जात होती. वाळूचा तो पट्टा वाहून जाऊन आठ वर्षं झाली. आणि तो असताना तरी काय? तुमचीच व्याख्या आहे, “बेट म्हणजे ऐन भरतीतही पाण्यावर राहणारी आणि चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली जमीन.” ऐन भरतीला तो पट्टा तेव्हाही बुडत होता. म्हणजे धाकटं हे वेगळं बेट. आणि वेगळं आहे, तर त्याचं नाव हवं.

नाना : हे तुला कोणी शिकवलं?

लेक : नोंदणी कचेरीतल्या त्या नवशिक्यानं. फार नम्र आहे बिचारा. पाणी दिलं, पंखा माझ्याकडे फिरवला आणि म्हणाला, सिस्टर, कायदा फार नेटका लिहिलाय, कुठे फटच सापडत नाही.

नाना : हं. पण इतकी वर्षं तिथे पोरं जन्मली नाहीत का?

लेक : बाळंतिणीला आम्ही थोरल्यावर आणतो, बाळंतपणाच्या खोल्या तिथेच आहेत. जन्मस्थळ थोरलं, प्रश्नच नाही. कधी घाईत एखादी धाकट्यावरच मोकळी झाली, तर जुने नोंदणीवाले थोरलं लिहून मोकळे व्हायचे. या खेपेला तीन दिवस समुद्र खवळलेला होता. बोट निघेना. मीच कशीबशी पलीकडे गेले होते, ती तिथेच अडकले. शाळेच्या वर्गात, दोन बाकं जोडून, हे बाळ मी काढलंय.

नाना : मग तूही थोरलंच लिहायचंस. चार अक्षरांनी कोणाचं काय बिघडलं असतं?

लेक : मी थोरल्यावर नव्हते, नाना. जिथे गेलेच नाही तिथे होते, असं सहीनिशी कसं लिहून देऊ?

नाना : थांब, चष्मा पुसतो.

लेक : काय झालं?

नाना : काही नाही. बोल तू.

लेक : बाळाच्या हृदयाला भोक आहे. छातीला कान लावला तरी कळतं, इतकं. इथल्या मुलांच्या रुग्णालयानं एकोणीस तारीख दिलीय. पण जन्मदाखला राज्यातला हवा. बाहेरच्यांची यादी वेगळी असते आणि त्या यादीत पाच-सहा महिने तरी नंबर लागत नाही. दूध पिताना थांबून थांबून श्वास घेतं ते. पाच महिने त्याच्याकडे नाहीत, नाना.

नाना : आज तारीख काय?

लेक : सात. नोंदणीवाला म्हणाला, कायदा छापताना नाव गळलं असेल, तर विभाग एका दिवसात शुद्धिपत्र काढतो. फक्त ज्यानं मसुदा केला त्यानं तसं लिहून द्यायला हवं. म्हणून आले. टाइप करताना राहिलं असेल ना ते?

नाना : असेल. आमचे टंकलेखक सज्जन गृहस्थ होते, पण डोळ्यांनी अधू. ओळी गाळायचे. ते जाऊनही आता बारा वर्षं झाली. हाताने लिहिलेला मसुदा जुन्या इमारतीत ओल लागून केव्हाच गेला. लिहून देतो मी. कागद आण.

लेक : देवासारखे धावलात हो! बूट काढते आता. चहा मी टाकते.

नाना : राहू दे चहा.

लेक : का?

नाना : अनुसूची मी पाच वेळा तपासली होती. टंकलेखकांच्या मागे उभं राहून. त्यांनी एक ओळ गाळली नव्हती.

लेक : मग?

नाना : बेटांची पाहणी माझ्याकडे होती. प्रत्येक बेटावर जायचं, चारही बाजू बघायच्या, वस्ती मोजायची आणि मगच नाव लिहायचं. तसा नियम मीच घातला होता. नऊ दिवसांत दहा बेटं केली. थोरल्यावर पोचलो तेव्हा पायांना फोड आले होते. धाकट्यावर जायचं तर ओहोटीसाठी सहा तास थांबा आणि परतायला पुन्हा सहा तास. नावाडी म्हणाला, साहेब, तिथे काय बघायचंय, ती याच बेटाची शेपटी. घरं किती, तेही त्यानंच सांगितलं. विश्रामगृहात कोरडी खाट होती. मी झोपलो.

लेक : आणि अहवालात?

नाना : “प्रत्यक्ष पाहणी केली.” खाली सही.

लेक : आजारी होतात का?

नाना : नाही. कंटाळलो होतो. एकतीस वर्षं झाली. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी भाषणं केली ना, यांनी कायदा खुर्चीत बसून नाही, पायी चालून लिहिला, म्हणून? तू पुढच्याच रांगेत बसून टाळ्या वाजवत होतीस.

लेक : आठवतंय.

नाना : आता खरं सांगितलं तर ती छपाईची चूक राहत नाही. मग शुद्धिपत्र नाही. दुरुस्ती विधेयक, म्हणजे हिवाळी अधिवेशन. पाच महिने.

लेक : आणि टंकलेखकांचं नाव घेतलं तर?

नाना : एक दिवस.

लेक : द्या तो कागद. पिशवीत ठेवते.

नाना : रागाव ना माझ्यावर.

लेक : बाळाच्या आईला मी शब्द देऊन आलेय, नाना. उद्या दहाला मसुदा शाखेच्या बाईंची वेळ घेतलीय. काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी नुसती शेजारी बसेन.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, कायदा विभागाच्या कार्यालयात. मसुदा शाखेच्या प्रमुख बाई एके काळी नानांच्या हाताखाली शिकलेल्या.)

बाई : या सर, बसा. खुर्च्या बदलल्यात, पण खिडकी तीच आहे. आणि ही आपली सिस्टर! केवढीशी होतीस, माझ्या टेबलाखाली बसून टाचण्या मोजायचीस.

लेक : नमस्कार मावशी.

बाई : सर, तुमचा तो पाहणी अहवाल आम्ही अजून नव्या मुलांना नमुना म्हणून देतो बरं का. म्हणतो, बघा, असं लिहायचं.

नाना : आजपासून देऊ नका.

बाई : म्हणजे?

नाना : अकराव्या बेटावर मी अर्ध्यातून परत आलो. धाकट्यावर मी पाऊल ठेवलेलं नाही. नावाड्याच्या शब्दावर दोन्ही बेटं एक धरली, एकच नाव लिहिलं आणि पाहणी केली म्हणून सही ठोकली. छापणाऱ्यानं काही गाळलेलं नाही, टंकलेखकांनीही नाही. हे सगळं मी आत्ता लिहून देतो. त्यानं काम लांबणार, हे मला ठाऊक आहे.

लेक : नाना...

नाना : मला बोलू दे. बाई, एक विनंती. माझ्यावर काय टीका करायची ती करा, पण त्या बाळासाठी काही मधली वाट निघते का बघा. रुग्णालयाला पत्र लिहा, काहीही करा. मी तुमच्या दाराशी बसून राहतो.

बाई : पाणी घ्या, सर. सिस्टर, तूही घे.

लेक : मावशी, काही होईल का?

बाई : जरा थांब. सर, आत्ता तुम्ही काय म्हणालात? दोन्ही बेटं एक धरली?

नाना : हो.

बाई : म्हणजे ‘थोरले बेट’ लिहिताना तुमच्या मनात धाकटंही होतं?

नाना : होतंच की. शेपटीच म्हणत होता तो. ती तोडायची कल्पनाच नव्हती.

बाई : मग धाकटं वगळलेलं नाही. ते थोरल्याच्या नावाखाली आत आहे, फक्त बाहेरून दिसत नाही. त्याला शुद्धिपत्र लागत नाही, सर. विधेयकही लागत नाही. स्पष्टीकरण काढता येतं. “अनुसूचीतील अकराव्या नावात धाकटे बेट पहिल्यापासून अंतर्भूत आहे.” पहिल्यापासून, म्हणजे बाळाच्या जन्माच्या दिवशीही.

नाना : पण माझ्या मनात होतं, याला पुरावा काय? उद्या कोणीही उठून म्हणेल, माझ्या मनात अमुक होतं. मी तुमच्या जागी असतो तर मान्य केलं नसतं.

बाई : मीही करणार नाही. तुम्हीच शिकवलंय. सिस्टर, मागच्या कपाटातून ती करड्या पाठीची फाइल काढ. वरून तिसरी.

लेक : ही?

बाई : हो. अकरावं बेट... हे बघा. तुमच्याच अक्षरात, “थोरले बेट : घरे एकशे त्रेसष्ट.” नावाड्यानं सांगितलेला आकडा हाच का?

नाना : हाच असणार. मी मोजलीच नव्हती.

बाई : आता त्याच वर्षीची घरनोंद. थोरलं, एकशे बावीस. धाकटं...

लेक : एक्केचाळीस.

बाई : बेरीज कर.

लेक : एकशे त्रेसष्ट. नाना, एकशे त्रेसष्ट!

नाना : नावाड्यानं शेपटीसकट मोजली होती.

बाई : प्रामाणिक माणूस होता म्हणायचा. सर, दुपारी सचिवांपुढे ठेवते, संध्याकाळपर्यंत सही व्हावी. विधेयक नंतर येईलच, धाकट्याला स्वतःचं नाव द्यायला. पण एक आहे. एकच नाव का लिहिलं, ते तुमच्या निवेदनात यायला हवं. तुम्ही गेला नव्हता, हे त्यात येणार. ते फायलीत राहणार. सभागृहात कोणी वाचूनही दाखवेल.

नाना : वाचू दे.

बाई : थोडं सौम्य लिहिता येईल. “हवामानामुळे पाहणी अपूर्ण राहिली.”

नाना : हवामान उत्तम होतं. कोरा कागद द्या.

बाई : घ्या. पेन आहे?

नाना : आहे. बाई, इथे ‘करता आली नाही’ लिहू की ‘केली नाही’?

बाई : तुम्ही काय सांगायचात आम्हाला? जे घडलं त्याचं क्रियापद शोधा.

नाना : ‘केली नाही.’ घ्या, झाली सही.

लेक : मावशी, मी बाहेर जाऊन बाळाच्या आईला फोन करते.

बाई : इथूनच कर गं. मलाही ऐकू दे.

लेक : हॅलो? हो, मीच बोलतेय. ऐक, काम होतंय. संध्याकाळी सही, उद्या दाखला... हो, हो, एकोणीसलाच. अगं रडतेस काय, बाळ जागं होईल... काय? नाना, ती विचारतेय, आता बाळ राज्यात जन्मलं, मग कालपर्यंत कुठे जन्मलं होतं?

नाना : तिला म्हणावं, कालही इथंच जन्मलं होतं. कागदाला माहीत नव्हतं, कारण मी बघायला गेलो नव्हतो.

लेक : ऐकलंस? हो, माझे वडील. त्यांनीच लिहिला होता कायदा... हो... बरं, सांगते.

नाना : काय म्हणते?

लेक : म्हणतेय, बघायचं राहिलं असेल तर येऊन बघून जा म्हणावं. घाई नाही. आम्ही इथंच असतो.