सातवा अर्ज

एडिसन गावाजवळच्या अमेरिकन कोर्टात हिमानी टोकन घेऊन बसली होती. मागच्या बाकावरून मराठी ऐकू आलं. सोबत पर्सची चेन सारखी उघडल्या-मिटल्याचा आवाज. केटरिंग करणाऱ्या एक काकू आणि त्यांच्या बेसमेंटमध्ये राहून इतिहासात पीएचडी करणारा ऋषी.

“चल, घरी जाऊ. डॉक्टरांवर केस करणं शोभतं का रे?”

“त्यांच्या मुलीच्या लग्नात एकशे ऐंशी माणसं जेवली ना, काकू? मग पैसे नकोत?”

“देतील रे.”

“मी प्रशियातले, म्हणजे पूर्वीच्या जर्मनीतले, जुने अर्ज वाचतोय ना, त्यात एक शिंपी आहे. सरदारांनी कोट शिवून घेतले आणि पैसेच देईनात. त्याने थेट राजाला लिहिलं.”

“मग राजाने दिले?”

“राजाने सरदारांना खरमरीत पत्र पाठवलं, महिन्याच्या आत चुकते करा म्हणून. पण शिंप्याच्या सातव्या अर्जानंतर. तुम्ही किती वेळा मागितले?”

“एकदा. हळदीकुंकवाला, त्यांच्या बायकोकडे. हसत हसत.”

“काकू!”

“थांब, फोन वाजतोय. अगं बाई, डॉक्टरच! तू केसचं कळवलंस?”

“सकाळीच. उचला.”

“हॅलो... नाही हो, राग कसला... हो, घरचंच कार्य होतं...”

खिडकीवर त्रेपन्न नंबर पुकारला. काकू उठल्या. हिमानीने पाय आत घेऊन त्यांना वाट दिली.

“कार्य घरचं होतं हो डॉक्टर, पण भाजी दुकानातून आणली होती. ठेवते, माझा नंबर आलाय.”