वुड यू लाइक म्हणजे काय

आई : ...आणि त्या नर्सला यांनी इतक्या अदबीनं विचारलं म्हणून सांगू! हातातलं इंजेक्शन तसंच धरून उभी राहिली बिचारी. 'वुड यू लाइक सम वॉटर, मॅडम?' स्वतःचं तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लुळा, आणि पाणी विचारतायत तिला!

मुलगी : तू फोनवर सांगितलंस तेव्हा मला वाटलं, थट्टा करतेयस.

आई : मलाही पहिल्यांदा हसूच आलं. म्हटलं, चला, वाचा तर फुटली. पण घरी आणलं तरी तेच. सकाळी तोंड पुसायला गेले तर म्हणतात, 'वुड यू लाइक अ टॉवेल, मॅडम?' अगं, टॉवेल माझ्याच हातात होता! मराठीतला एक शब्द तोंडातून निघेल तर शपथ.

मुलगी : डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना? झटक्यानं मेंदूतली बोलण्याची जागा दुखावलीये. समजतं त्यांना सगळं, शब्द हाताशी येत नाहीत. जे वाक्य दिवसातून शंभरदा म्हटलं, ते तेवढं तरलं. एवढ्या मोठ्या हॉटेलात हेड वेटर होते, दुसरं कुठलं वाक्य तरणार?

आई : तरलं ते बरंच झालं. पण मॅडम? मला जन्मभर 'अगं' सोडून दुसरी हाक मारली नाही या माणसानं. आता मी माझ्याच घरात गिऱ्हाईक झाले. मला ओळखतात तरी का गं?

मुलगी : ओळखतात, आई. तू खोलीतून गेलीस की त्यांची नजर तुझ्या मागे जाते. ते दे इकडे, ती कढई खोक्यात कशाला भरतेस? माझ्याकडे सगळं आहे.

आई : असू दे. हाताच्या सवयीची आहे.

मुलगी : खोकी वाढवू नकोस गं, टेम्पो छोटा आहे. रविवारी सकाळी लवकर निघू. तुमची खोली तळमजल्यावर आहे, बाथरूम लागून. बोलण्याचा व्यायाम घेणाऱ्या बाई दोन गल्ल्या सोडून राहतात. आणि घर सोडतोय म्हणून इथल्या घरमालकांच्या कानावर घातलंय मी.

आई : घातलंसही?

मुलगी : मग? ऐनवेळी सांगून कसं चालेल? का गं, असं का बघतेस?

आई : काही नाही. चिकटपट्टी कुठे ठेवलीस?

बाबा : वुड यू लाइक... सम हेल्प, मॅडम?

आई : हे बघ! आलं परत. काय म्हणाले?

मुलगी : मदत हवी का, विचारतायत. तू उत्तर का देत नाहीस त्यांना?

आई : मला कुठे येतं उत्तर द्यायला? मी आपली 'हो हो' म्हणते.

मुलगी : सोपं आहे. 'वुड यू लाइक' म्हणजे 'आवडेल का, हवं का', पण नम्रपणे. समोरच्यावर काही लादायचं नाही, त्याच्या मर्जीवर सोडायचं. हवं असेल तर म्हणायचं 'येस, प्लीज'. नको असेल तर 'नो, थँक यू'.

आई : एवढंच? मला वाटलं काहीतरी मोठं गणित आहे. म्हणजे जन्मभर लोकांना हेच विचारत होते हे? तुमची मर्जी काय?

मुलगी : तेच काम होतं त्यांचं.

आई : आणि घरी आले की बूट काढून गप्प. मी म्हणायची, बोला की दोन शब्द. तर म्हणायचे, 'अगं, तोंड दमलंय.' मला राग यायचा. मर्जी सगळी तिकडेच वाटून यायचे म्हणायचे की!

मुलगी : आई, बाबा ऐकतायत.

आई : ऐकू दे. ऐकतायत ते बरंच आहे. अहो! येस, प्लीज. हेल्प. ही सुतळी धरा डाव्या हातानं. हं, अशी. अगं, हसले बघ! डाव्या बाजूनं हसले!

मुलगी : उत्तर मिळालं ना त्यांना. त्या बोलण्याच्या व्यायामाच्या बाई फोनवर मला हेच सांगत होत्या. येतंय त्या वाक्याचा हात धरून पुढे जायचं. सुरुवात तीच ठेवायची, शेवटचा शब्द फक्त बदलायचा. बाबा, माझ्याकडे बघा. वुड यू लाइक... सूप?

बाबा : वुड यू लाइक... सूप?

मुलगी : वुड यू लाइक... अ चेअर?

बाबा : वुड यू लाइक... द टेबल बाय द विंडो, मॅडम?

मुलगी : बघ, ते तर माझ्या पुढे गेले! खिडकीजवळचं टेबल देतायत आपल्याला.

आई : मराठी शब्द घातला तर चालेल का शेवटी? का इंग्रजीला राग येईल?

मुलगी : येऊ दे. घाल.

आई : अहो, माझ्या तोंडाकडे बघा. वुड यू लाइक... खिडकी.

बाबा : वुड यू लाइक... खि... खि...

आई : सावकाश. कुठे गाडी सुटतेय.

बाबा : वुड यू लाइक... खिडकी?

मुलगी : आई!

आई : ऐकलं. ऐकलं मी. थांब, बोलू नकोस जरा. येस, प्लीज. हवी, हवी मला खिडकी. चला, आता चहा. वुड यू लाइक चहा.

बाबा : वुड यू लाइक... चहा?

आई : येस, प्लीज! अगं, ओत, खरंच ओत आता. त्यांनी विचारलंय.

(मुलगी चहा ओतते. बाबा खोक्यांकडे एकेक करून बघतात, मग भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्याकडे.)

मुलगी : बाबा, काय शोधताय? घड्याळ भरलंय आम्ही. रविवारी आपण माझ्याकडे जातोय ना सगळे. सांगितलं होतं तुम्हाला.

बाबा : वुड यू लाइक टू... टू...

मुलगी : 'टू' आलं म्हणजे काहीतरी करण्याबद्दल विचारतायत. वस्तू नव्हे. काय करायचं, बाबा? झोपायचं? बाहेर बसायचं?

बाबा : टू... जा... जायचं?

मुलगी : हो, जायचं ना! मला आवडेलच की बाबा, तुम्ही दोघं माझ्याकडे आलात तर...

आई : तुला नाही विचारत. मान हलवतायत बघ.

बाबा : अगं.

आई : ओ.

बाबा : अगं... वुड यू लाइक टू... जायचं?

मुलगी : आई? आई, रडू नकोस ना.

आई : रडत नाहीये. उत्तर शोधतेय. सवय नाही ना. हे घर भाड्यानं घेतलं तेव्हा मी पहिल्यांदा उंबरा ओलांडला तो सामानाची पिशवी घेऊनच. तुझी शाळा ठरली तेव्हा गणवेशाचं माप घ्यायला मला बोलावलं. वाईट कुणीच काही केलं नाही गं. सगळं माझ्या सोयीचंच केलं. पण विचारायचं राहून गेलं.

मुलगी : आणि मीही तेच केलं.

आई : तू धावून आलीस. कामधाम टाकून आलीस. तेवढ्यावर मी काही धरून बसणार नाही.

मुलगी : मला फोनवर तुझा आवाज ऐकून भीती वाटली होती. वाटलं, एकटी कशी उचलशील त्यांना, कशी निभावशील. मग मी याद्याच करत सुटले. विचारलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस, तर रात्रभर झोप लागली नसती मला.

आई : ठाऊक आहे. तशीच आहेस तू लहानपणापासून.

मुलगी : मग आता सांग. बाबांना सांग. हो की नाही?

आई : अहो. नो, थँक यू. मला नाही जायचं. इथे मला रात्री दिवा न लावता पाण्याचा माठ सापडतो. खाली पानवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे की तुम्ही कोण आणि मी कोण. तिकडे मी पाहुणी होईन. प्रेमाची पाहुणी, पण पाहुणीच.

मुलगी : पण जिना, आई? उतरताना कठडा उजव्या हाताला येतो, आणि त्यांचा उजवाच हात गेलाय.

आई : समोरचा सुतार म्हणाला, दुसऱ्या बाजूनंही कठडा ठोकून देतो. आणि त्या बोलण्याच्या बाईंना मोबाइलवर दिसत नाही का माणूस? तुझी धाकटी लेक दिवसभर कुणाकुणाला बघत असते त्यावर.

मुलगी : दिसतो. होईल तसं. घरमालकांना फोन करते मी. आणि रविवारी मी एकटीच नाही जात लगेच. कठडा होईपर्यंत राहते... राहू का?

आई : बघ, शिकलीस. राहा.

मुलगी : पण बाबांना कुणी विचारलं? तुझं झालं, माझं झालं. त्यांना इथे राहायचंय का तिकडे, हे आपण त्यांच्या डोक्यावरून बोलतोय.

आई : खरंच की. जन्मभर दुसऱ्यांना विचारत आले, यांना कधी कुणी विचारलं असेल का? मी तर नाही. जेवायला काय हवं तेसुद्धा नाही, जे केलं ते खाल्लं त्यांनी. अहो, इकडे बघा. मला म्हणता येतं का बघू. वुड यू लाइक... नाही, पूर्ण मराठीतच विचारते. तुम्हाला काय आवडेल?

मुलगी : घाई नाही, बाबा.

आई : तू गप्प बस जरा. शब्द येतोय त्यांचा.

बाबा : तू...

आई : हो. मी?

बाबा : तू... बस.

मुलगी : म्हणजे शेजारी बस म्हणतायत, का तू आहेस तेवढं बस झालं?

आई : तू ती खोकी उघडायला घे. मी बसते.